शिक्के पुसलेल्या रायफली : अफगाण युद्धातील परदेशी शस्त्रांचा माग

युद्धात एखाद्या सैनिकाच्या हाती त्याच्या देशात न बनलेली रायफल दिसते, तेव्हा ती तीनपैकी एका वाटेने आलेली असते. ती त्याच्या सरकारने उघडपणे विकत घेतलेली असते, शत्रूकडून हिसकावलेली असते, किंवा तिसऱ्याच एखाद्या देशाने गुपचूप त्याच्यापर्यंत पोहोचवलेली असते. १९७९ ते २०२१ या बेचाळीस वर्षांत अफगाणिस्तानात या तिन्ही वाटांनी रायफली आल्या. त्यांपैकी तिसऱ्या वाटेने आलेली शस्त्रे दुसऱ्या वाटेने आलेली भासावीत, म्हणजे परक्या देशाने पुरवलेली रायफल शत्रूकडूनच हिसकावलेली वाटावी, यासाठी अनेक सरकारांनी पैसा, जहाजे आणि कागदपत्रे यांची मोठी यंत्रणा उभी केली. ही यंत्रणा कशी चालली, तिने कोणत्या रायफली निवडल्या आणि ज्या युद्धासाठी निवडल्या ते संपल्यावर त्या रायफलींचे काय झाले, हा प्रश्न केवळ शस्त्रशास्त्राच्या जाणकारांचा नाही. गोळी कोणाची हे ठरवता आले नाही, तर तिच्याबद्दल कोणाला जाब विचारायचा हेही ठरवता येत नाही.

रायफलीचे मूळ ओळखण्याची पहिली जागा म्हणजे तिचा 'रिसीव्हर', अर्थात नळीच्या मागे असलेला तो पोलादी सांगाडा, ज्यात काडतूस नळीत ढकलणारी आणि गोळी सुटल्यावर रिकामे टरफल बाहेर फेकणारी यंत्रणा बसवलेली असते. सोव्हिएत बनावटीच्या कलाश्निकोव्हवर साधारणपणे डाव्या अंगाला कारखान्याची खूण, उत्पादनाचे वर्ष आणि अनुक्रमांक ठोकलेला असतो. तुला येथील कारखान्याची खूण तारा, तर इझेव्स्कची खूण त्रिकोणातला बाण अशी आहे. कलाश्निकोव्हच्याच धर्तीवर चीनने बनवलेल्या 'टाइप ५६' रायफलीवर अनेकदा त्रिकोणात ६६ हा आकडा आढळतो आणि तो तेथील एका सरकारी कारखान्याचा क्रमांक असतो. ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीच्या जुन्या नमुन्यावर या खुणा उजव्या अंगाला, लाकडी दस्ता जिथे पोलादात शिरतो त्या कड्यावर असतात : वर राजमुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग एनफिल्ड किंवा बंगालमधील इशापूर असे कारखान्याचे नाव आणि वर्ष. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी अमेरिकेच्या सॅव्हेज कंपनीने याच रायफलीचा जो नंतरचा नमुना बनवला, त्याच्यावर तर 'यू. एस. प्रॉपर्टी' असे शब्द कोरलेले सापडतात. दुसरी जागा काडतुसाचे बूड. तिथे कारखान्याचे चिन्ह आणि वर्ष उमटवलेले असते. पुण्याजवळ खडकी येथे १८६९मध्ये सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यात बनलेल्या काडतुसांच्या पितळी बुडावर 'के एफ' ही अक्षरे असत, तर सोव्हिएत आणि चिनी काडतुसांवर बहुधा केवळ कारखान्याचा क्रमांक आणि वर्षाचे आकडे असतात. रायफलीवरची खूण घासून काढता येते, परंतु लाखो काडतुसांची बुडे घासणे हे फार कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या युद्धात तेही करावे लागले.

परकी रायफल अफगाणांना नवी नव्हती. २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे ब्रिटिश फौजेचा पराभव झाला, तेव्हा गोऱ्या ६६व्या पलटणीकडे त्या काळी आधुनिक समजली जाणारी मार्टिनी-हेन्री रायफल होती आणि तिच्या बाजूला लढणाऱ्या बॉम्बे ग्रेनेडियर्स व जेकब्ज रायफल्स या मुंबई लष्कराच्या देशी पलटणींना जुन्या स्नायडर रायफलींवर भागवावे लागले होते. रणांगणावर राहिलेली दोन्ही प्रकारची शस्त्रे विजेत्यांच्या हाती पडली. पेशावर आणि कोहाट यांच्या दरम्यानच्या दर्रा आदमखेल या गावात अशा रायफलींच्या हुबेहूब नकला हाताने बनवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले आहेत आणि मूळ रायफलीवरचा मुकुट व अक्षरेही ते नकलेवर उतरवत असत, त्यामुळे त्या भागात खूण पाहून केलेला निष्कर्ष नेहमीच पडताळून घ्यावा लागतो. पुढे १९५०च्या दशकाच्या मध्यापासून काबूलच्या सरकारने सोव्हिएत संघाकडून शस्त्रे आणि प्रशिक्षण घेण्यास सुरुवात केली. याचा परिणाम असा की १९७९च्या मार्चमध्ये हेरात येथील १७व्या डिव्हिजनच्या सैनिकांनी साम्यवादी सरकारविरुद्ध बंड केले, तेव्हा बंडखोरांच्या हाती आलेली शस्त्रेही सोव्हिएत बनावटीचीच होती, आणि सोव्हिएत फौजा येण्याच्या कितीतरी आधी सोव्हिएत रायफल ही अफगाण खेड्यातली परिचित वस्तू झाली होती.

डिसेंबर १९७९च्या अखेरीस सोव्हिएत फौजा काबूलमध्ये उतरल्या. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्याआधी, जुलै १९७९मध्येच, बंडखोरांना शस्त्रांखेरीज अन्य मदत गुप्तपणे देण्याच्या आदेशावर सही केली होती. आक्रमणानंतर त्या मदतीत शस्त्रांचा समावेश झाला आणि जानेवारी १९८०मध्ये पहिली खेप पाकिस्तानात पोहोचली. तिच्यात अत्याधुनिक असे काहीही नव्हते. अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए हिने निवडली ती .३०३ इंच कॅलिबरची, म्हणजे ७.७ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या नळीची, ली-एनफिल्ड रायफल, जी भारतीय वाचकांना 'थ्री नॉट थ्री' या नावाने पोलिसांच्या खांद्यावर पाहून ठाऊक आहे. स्टीव्ह कोल यांनी 'घोस्ट वॉर्स' या २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवले आहे, की सीआयएने ग्रीस, भारत आणि इतर ठिकाणांच्या साठ्यांतून अशा लाखो रायफली विकत घेऊन कराचीला पाठवल्या. भारतीय जवानांनी १९६२चे चीनविरुद्धचे युद्ध प्रामुख्याने याच रायफलीने लढले होते आणि त्यानंतर सैन्याने इशापूर येथेच बनणारी ७.६२ मिलिमीटरची सेल्फ-लोडिंग रायफल स्वीकारल्यामुळे जुन्या रायफली सैन्याच्या गरजेतून मोकळ्या झाल्या होत्या. काबूलमधील सोव्हिएत हस्तक्षेपाचा उघड निषेध संयुक्त राष्ट्रांत टाळणाऱ्या भारताच्या साठ्यातून निघालेली शस्त्रे अखेरीस सोव्हिएत सैनिकांवर रोखली गेली, या एका गोष्टीवरून शस्त्रबाजाराचे खरे स्वरूप ध्यानात येते : एकदा वापरातून निघालेली रायफल बाजारात उतरली, की ती आपल्या पहिल्या मालकाच्या धोरणाशी बांधलेली राहत नाही.

या निवडीमागचा विचार नीट पाहण्याजोगा आहे. ली-एनफिल्ड जगभर विखुरलेली होती आणि वायव्य सरहद्दीवर तर ब्रिटिश अमदानीपासूनच घराघरांत होती, त्यामुळे तिथे आणखी लाखो रायफली येऊन मिसळल्या तरी एखादी रायफल हाती लागून तिच्या पुरवठादाराकडे बोट दाखवता येण्याची शक्यता नगण्य होती. शिवाय ती कशी हाताळायची हे पठाण मुलाला शिकवावे लागत नव्हते. ही 'बोल्ट-ॲक्शन' रायफल आहे, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर चालवणाऱ्याला उजव्या हाताने पोलादी खिटी वर उचलून, मागे ओढून, पुन्हा पुढे रेटावी लागते आणि तेव्हाच रिकामे टरफल बाहेर पडून पुढचे काडतूस नळीत बसते. तिच्या पेटीत दहा काडतुसे राहतात आणि ती सुमारे चार किलो वजनाची असते. कलाश्निकोव्हच्या तुलनेत ती संथ असली, तरी तिची गोळी जड आणि वेगवान असल्याने सातआठशे मीटर अंतरावरच्या माणसावर तिने नेम धरता येतो, जे कलाश्निकोव्हच्या आवाक्याबाहेरचे आहे. दरीतल्या रस्त्याने चाललेल्या वाहनांच्या ताफ्यावर कड्यावरून गोळीबार करणाऱ्या नेमबाजाला हा फरक फार उपयोगी पडला आणि सोव्हिएत तुकड्यांना उत्तर देण्यासाठी दुर्बीण बसवलेल्या द्रागुनोव्ह रायफलींवर व मशीनगनवर अवलंबून राहावे लागले. जवळच्या चकमकीत मात्र चित्र उलटे होते. खिटी ओढण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात स्वयंचलित रायफल पेटीतल्या तीस गोळ्यांपैकी निम्म्या झाडून मोकळी होते. नोव्हेंबर २००८मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांच्या एके-४७समोर पोलिसांकडे हीच थ्री नॉट थ्री होती, तेव्हा ही विषमता महाराष्ट्राने अत्यंत दुःखद रीतीने अनुभवली. सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीन गटांच्या सेनानींनीही लवकरच कलाश्निकोव्हची मागणी लावून धरली.

तिथे पुरवठादारांपुढे अडचण उभी राहिली, कारण अमेरिकी किंवा पश्चिम युरोपीय स्वयंचलित रायफल दिली असती तर ती हाती लागताच पुरवठादार उघडा पडला असता. त्यावर सापडलेला उपाय असा, की शस्त्र सोव्हिएत धाटणीचे असावे, मात्र सोव्हिएत कारखान्याचे नसावे. अशी रायफल शत्रूच्या हाती लागली तरी ती अफगाण सैन्याकडून पळवलेली आहे असे म्हणता येत होते. याला मुत्सद्देगिरीच्या परिभाषेत 'नाकबुलीची सोय' म्हणावे लागेल, म्हणजे खरे काय ते सर्वांना ठाऊक असतानाही ते अधिकृतपणे नाकारता येण्याइतकी जागा राखून ठेवणे. या धोरणाला व्यवहारातही मोठा आधार होता, तो काडतुसाचा. कलाश्निकोव्हला ७.६२ × ३९ मिलिमीटर मापाचे काडतूस लागते, ज्यातील पहिला आकडा गोळीच्या जाडीचा आणि दुसरा टरफलाच्या लांबीचा असतो. काबूल सरकारच्या सैन्याचेही तेच काडतूस असल्याने लुटलेल्या चौकीतला दारूगोळा त्याच दिवशी स्वतःच्या रायफलीत भरता येत होता. परक्या रायफलीचा विचार करताना लोक रायफलीकडेच पाहतात, वास्तविक तिचे आयुष्य ठरते ते तिच्या काडतुसाच्या पुरवठ्यावर, आणि काडतूस मिळेनासे झाले की उत्तमातली उत्तम रायफल केवळ एक जड दांडके उरते.

असा पुरवठा करू शकणारा सर्वांत मोठा देश चीन होता. सोव्हिएत संघाशी त्याचे वैर जुने होते आणि जानेवारी १९८०मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री हॅरॉल्ड ब्राऊन बीजिंगला गेले, तेव्हा अफगाणिस्तान हा दोन्ही देशांच्या समान चिंतेचा विषय होता. पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेच्या अफगाण विभागाचे १९८३ ते १९८७ या काळात प्रमुख असलेले ब्रिगेडियर महंमद युसुफ यांनी आपल्या 'द बेअर ट्रॅप' या पुस्तकात चीनचे वर्णन विश्वासू पुरवठादार असे केले आहे. चिनी टाइप ५६ अनोळखी माणसालाही जवळून पाहून ओळखता येते : तिच्या नळीखाली बहुधा सुळ्यासारखी, त्रिधारी, दुमडून ठेवायची संगीन कायमची जोडलेली असते, आणि नेम धरण्याची पुढची माशी ज्या पोलादी कड्याने झाकलेली असते ते कडे वरूनही बंद, पूर्ण वर्तुळाकार असते, सोव्हिएत रायफलीवर हेच कडे वरच्या बाजूने उघडे राहते. एकेरी आणि सलग मारा निवडण्याच्या खटक्याशी सुरुवातीच्या रायफलींवर चिनी अक्षरे होती, तर निर्यातीसाठीच्या अनेक रायफलींवर त्यांच्या जागी 'एल' आणि 'डी' ही रोमन अक्षरे आली. सोव्हिएत गुप्तचरांना या खुणा वाचता येत नव्हत्या असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांना त्या वाचता येत होत्या आणि मॉस्कोतून चीन, अमेरिका व पाकिस्तान यांच्यावर उघड आरोपही होत होते. पण आरोप आणि कबुली यांच्यात जे अंतर असते, त्या अंतरातच हा सर्व व्यवहार चालला. ते अंतर एकदा दुसऱ्या एका पुरवठादार देशाने, इजिप्तने, मिटवले. तिथे सोव्हिएत संघाशी मैत्री असताना मिळालेल्या यंत्रसामग्रीवर कलाश्निकोव्ह बनत होत्या आणि जुन्या सोव्हिएत शस्त्रांचे साठेही होते. राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी सप्टेंबर १९८१मध्ये एका अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीला दिलेल्या मुलाखतीत अमेरिका ही शस्त्रे अफगाणांसाठी विकत घेत असल्याचे सांगून टाकले, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आसपास, ६ ऑक्टोबर रोजी, त्यांची हत्या झाली.

या पुरवठ्यात नफेखोरीला भरपूर वाव होता, कारण ज्या व्यवहाराची कागदोपत्री नोंदच ठेवायची नाही त्याची तपासणी कोण करणार? युसुफ यांच्या पुस्तकातील सर्वांत अस्वस्थ करणारी पाने याच विषयावरची आहेत. इजिप्तमधून आलेल्या मालात गंजलेली शस्त्रे निघाली. तुर्कस्तानातून विकत घेतलेल्या साठ हजार रायफली आणि त्यांच्यासोबतच्या दारूगोळ्याचा मोठा भाग चाळीसच्या दशकाच्या आरंभीच्या वर्षांचा आणि निकामी होता. सीआयएने .३०३ची काडतुसे एका पाकिस्तानी व्यापाऱ्याकडून घेतली, तेव्हा ती परदेशातून आल्याचे भासवण्यासाठी जहाज कराचीहून समुद्रात गेले आणि काही दिवसांनी कराचीलाच परतले. मात्र पेट्या उघडल्या तेव्हा प्रत्येक काडतुसाच्या बुडावर 'पी ओ एफ' ही अक्षरे, म्हणजे वाह येथील पाकिस्तान ऑर्डनन्स फॅक्टरीज या सरकारी कारखान्याची खूण, स्पष्ट उमटलेली होती. ती काडतुसे तशीच सरहद्दीपलीकडे गेली असती तर पाकिस्तानचा सहभाग एका टरफलाने सिद्ध झाला असता, म्हणून ही खूण घालवण्याचा खटाटोप पुन्हा सरकारी खर्चाने करावा लागला. ज्या माणसाने खिटी ओढून चाप दाबला आणि काडतूस पेटलेच नाही, त्याच्या जिवाची किंमत या खरेदीव्यवहारात कुठेच धरलेली नव्हती, आणि गुप्त शस्त्रपुरवठ्याचा विचार करताना राजनीतीच्या डावपेचांइतकेच त्या माणसाकडे लक्ष दिले पाहिजे.

कराचीत उतरलेला माल रेल्वेने रावळपिंडीजवळच्या ओझरी छावणीत आणि काही प्रमाणात क्वेट्ट्याला जाई, तिथून मालमोटारींनी सरहद्दीवरच्या गोदामांत आणि मग पेशावरमध्ये मुख्यालये असलेल्या सात अफगाण पक्षांच्या हवाली होई; पुढचा प्रवास खेचरे, उंट आणि माणसांच्या पाठी यांवर चाले. कोणत्या पक्षाला किती द्यायचे हे अमेरिका नव्हे तर आयएसआय ठरवत असे, आणि या वाटपात गुलबुद्दीन हिकमतयार यांच्या पक्षाला मोठा वाटा मिळत गेला. वाटेत प्रत्येक टप्प्यावर काही शस्त्रे गळत होती आणि सरहद्दीच्या बाजारांत विकली जात होती. पाकिस्तानातील शहरांत आणि विद्यापीठांत त्या काळात बंदुकीचे जे राज्य माजले, त्याला तिथले पत्रकार व राजकारणी 'कलाश्निकोव्ह संस्कृती' म्हणू लागले. १० एप्रिल १९८८ रोजी ओझरी छावणीतील दारूगोळ्याच्या साठ्याचा स्फोट झाला, रावळपिंडी व इस्लामाबाद या जुळ्या शहरांवर रॉकेटे आणि तोफगोळे कोसळले आणि सुमारे शंभर माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्यातील बहुतेकांचा या युद्धाशी, ते त्या शहरांत राहत होते याखेरीज, काहीही संबंध नव्हता.

सोव्हिएत सैनिकांकडची रायफलही याच काळात बदलत होती. १९७४मध्ये स्वीकारलेल्या एके-७४ मध्ये ५.४५ मिलिमीटरची बारीक, हलकी गोळी वापरली जाते. तिने होणाऱ्या जखमा चिघळत असल्यामुळे अफगाणांमध्ये ती विषारी असल्याची समजूत पसरली होती. तिची काडतुसे चीन किंवा इजिप्तकडून येणाऱ्या मालात नसल्याने ही रायफल बाळगणारा माणूस ती हिसकावूनच घेऊन आला असणार हे उघड होते, आणि म्हणूनच तिला मानाचे स्थान मिळाले. तिचा आखूड नळीचा, वाहनचालक व हेलिकॉप्टर-वैमानिकांसाठीचा नमुना तर सेनानींची निशाणी बनला. ओसामा बिन लादेनने नंतरच्या काळात चित्रफितींमध्ये आपल्याजवळ ठेवलेली रायफल हीच होती. सप्टेंबर १९८६मध्ये जलालाबादजवळ खांद्यावरून डागायचे अमेरिकी स्टिंगर क्षेपणास्त्र प्रथम वापरले गेले आणि नाकबुलीची सोय तिथेच संपली, मात्र तो इतिहास बराच लिहिला गेला आहे. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल बोरिस ग्रोमोव्ह यांच्यासह शेवटची सोव्हिएत तुकडी अमूदर्या ओलांडून परतली. काबूलमधील नजीबुल्ला यांचे साम्यवादी सरकार एप्रिल १९९२पर्यंत टिकले, आणि त्यानंतर त्याच रायफलींनी अफगाणांनी अफगाणांशी युद्ध केले.

२००१नंतर अमेरिका स्वतः अफगाणिस्तानात उतरली, तेव्हा तिला जे नवे अफगाण सैन्य उभे करायचे होते त्याच्यासाठी प्रथम पूर्व युरोपातील जुन्या साठ्यांकडेच वळावे लागले, कारण भरती होणाऱ्या तरुणाला कलाश्निकोव्ह ठाऊक होती आणि देशात तिचे काडतूस मुबलक होते. अफगाण पोलिसांच्या हाती दिसू लागलेली, पुढच्या बाजूलाही मूठ असलेली एएमडी-६५ ही हंगेरीची रायफल याच धोरणातून आली. आता गुप्ततेची गरज उरली नव्हती, तरी लपवाछपवी संपली नाही. २००७मध्ये फ्लोरिडातील एईवाय या लहानशा कंपनीला अफगाण फौजांना दारूगोळा पुरवण्याचे सुमारे ३० कोटी डॉलरचे कंत्राट अमेरिकी सैन्याने दिले. कंपनीने अल्बानियातील साठ्यांतून चीनमध्ये बनलेली, १९६०च्या दशकापासूनची काडतुसे उचलली, आणि चिनी दारूगोळा पुरवण्यास अमेरिकी कायद्याने मनाई असल्यामुळे तो मूळ पेट्यांतून काढून पुठ्ठ्याच्या खोक्यांत पुन्हा भरला. मार्च २००८मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हे उघडकीस आणले आणि पुढे कंपनीच्या चालकांवर खटले होऊन शिक्षा झाल्या. कराचीत जे सरकारी आदेशाने झाले होते तेच अल्बानियाची राजधानी तिराना येथील गोदामात खासगी नफ्यासाठी झाले, आणि दोन्ही वेळा उघडे पाडले ते काडतुसाच्या बुडावरच्या खुणांनी. अल्बानियातील ती काडतुसे मुळात चीनने १९६०च्या दशकात आपल्या मित्रदेशाला दिली होती. ती चाळीस वर्षे पडून राहिली आणि चीनशी काहीही देणेघेणे नसलेल्या युद्धात अफगाण पोलिसाच्या पट्ट्यात पोहोचली.

त्याच सुमारास अफगाण सैन्याला अमेरिकी एम-१६ रायफली देण्याचा निर्णय झाला. कॅनडानेही आपल्या सी-७ जातीच्या अडीच हजार रायफली देऊ केल्या, ज्या एम-१६चेच कॅनडात बनलेले रूप आहेत. यांना ५.५६ मिलिमीटरचे, नाटो देशांनी प्रमाण मानलेले काडतूस लागते. म्हणजे रायफल बदलताच सैन्याची संपूर्ण पुरवठासाखळी बदलली आणि तिचे दुसरे टोक वॉशिंग्टनच्या अंदाजपत्रकाला बांधले गेले. एम-१६ अचूक आहे, पण तिची निगा काटेकोरपणे राखावी लागते, तर कलाश्निकोव्ह दुर्लक्षही सहन करते. वाचता न येणाऱ्या, बदलीवर सतत फिरणाऱ्या सैनिकांच्या फौजेत या फरकाला मोठे महत्त्व होते. जुन्या रायफली परत घेण्याची व्यवस्था मात्र झाली नाही. अफगाण पुनर्बांधणीच्या खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या 'सिगार' या अमेरिकी तपासणी कार्यालयाने जुलै २०१४मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार अफगाण फौजांकडे गरजेपेक्षा ८३,१८४ जास्त एके-४७ होत्या. त्याच अहवालातील दुसरी नोंद अधिक गंभीर आहे : शस्त्रे सुपूर्द केल्याची नोंद ज्या संगणकीय वहीत ठेवली जात होती, तिच्यातील ४,७४,८२३ अनुक्रमांकांपैकी २,०३,८८८, म्हणजे ४३ टक्के, नोंदी अपुऱ्या किंवा दुहेरी होत्या. रायफल अमेरिकेतून रवाना झाल्याची नोंद एका वहीत आणि ती अफगाणांच्या ताब्यात दिल्याची नोंद दुसऱ्या वहीत होत होती आणि दोन्ही वह्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. १९८०च्या दशकात नोंद नसावी हाच हेतू होता; या वेळी नोंद ठेवण्याचा हेतू, पैसा, यंत्रणा आणि कायदा सर्व काही होते, आणि तरीही ती ठेवली गेली नाही, हे अपयश अधिक मोठे मानले पाहिजे.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती पडले. अमेरिकी संरक्षण खात्याने नंतर दिलेल्या हिशेबानुसार सुमारे ७.१२ अब्ज डॉलरची सामग्री मागे राहिली आणि तिच्यात तीन लाखांहून अधिक लहान शस्त्रे होती. त्यानंतरच्या आठवड्यांत तालिबानच्या 'बद्री ३१३' या तुकडीचे सैनिक अमेरिकी शिरस्त्राणे घालून, एम-४ रायफली घेऊन काबूल विमानतळावर उभे असल्याची छायाचित्रे जगभर झळकली. एम-४ ही एम-१६चीच आखूड नळीची धाकटी बहीण आहे. पाकिस्तानात तहरीक-ए-तालिबानच्या हल्लेखोरांकडेही अमेरिकी रायफली आणि रात्री पाहण्याच्या दुर्बिणी सापडू लागल्या, आणि ज्या देशातून चार दशकांपूर्वी शस्त्रे अफगाणिस्तानात गेली होती त्याच देशात ती उलट दिशेने येऊ लागली. मात्र ही गळती काबूल पडल्यानंतरच सुरू झाली असे मानणे चुकीचे आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यात जैश-ए-महंमदचे तीन दहशतवादी चकमकीत मारले गेले, तेव्हा त्यांच्याजवळ एक एम-४ रायफल सापडली होती, आणि त्या वेळी काबूलमध्ये अमेरिकेने पोसलेले सरकार सत्तेवर होते.

अशा रायफलीचा माग काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. डिसेंबर २००५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने लहान शस्त्रांवरील खुणा व त्यांचा माग याविषयीचा करार स्वीकारला, ज्यानुसार प्रत्येक शस्त्रावर उत्पादक, देश आणि अनुक्रमांक यांची खूण असावी, आणि एखाद्या देशाने सापडलेल्या शस्त्राबद्दल विचारणा केल्यास उत्पादक देशाने आपल्या नोंदी पाहून उत्तर द्यावे, असे ठरले. काही देशांची जुनी पद्धत लक्षात घेऊन भूमितीय आकृती आणि आकडे यांची जोड असलेली खूणही त्यात मान्य केलेली आहे, म्हणजे त्रिकोणातल्या ६६ला तिथे जागा आहे. मात्र हा करार कायद्याने बंधनकारक नाही, आणि त्यात काडतुसांचा समावेश नाही. ज्या खुणेने कराचीतील आणि अल्बानियातील व्यवहार उघडे पडले नेमकी तीच करारातून वगळली जावी, ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती दूर व्हायलाच हवी. एप्रिल २०१३मध्ये आमसभेने शस्त्रव्यापार करार संमत केला आणि तो २०१४च्या डिसेंबरमध्ये अमलात आला. अमेरिकेने त्यावर सही केली पण त्याला मंजुरी दिली नाही, चीन २०२०मध्ये त्यात सामील झाला, आणि भारत मतदानाच्या वेळी तटस्थ राहिला. निर्यातदार आणि आयातदार देशांची कर्तव्ये या करारात समतोल नाहीत आणि दहशतवादी गट व सरकारेतर सशस्त्र संघटना यांच्या हाती शस्त्रे जाण्याबाबत तो दुबळा आहे, असे कारण भारताच्या प्रतिनिधीने तेव्हा दिले होते, आणि सरकारेतर गटांना शस्त्रे देण्यावर थेट मनाई करणारे कलम त्या करारात आजही नाही.